परीक्षणासाठी दोन घरे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने केली त्या गृहस्थाबद्दल मला आदर आहे. पण त्याने काम अर्धेच केले. घर बांधणाऱ्याची त्याने सोय लावली, लग्न करणाऱ्याचीही लावली. दुसऱ्याने बांधलेले घर जो आयते विकत घेतो त्याने काय पाहावे, याविषयी म्हण चकार शब्द काढत नाही. बांधणारा निदान पायापासून भांडत वर येतो. वाळू किती, सिमेंट किती, मिस्त्री कुठल्या दिवशी आलाच नाही, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. आयते घर घेणाऱ्याला फक्त रंग दिसतो.

मी व्यवसायाने मराठीचा मास्तर आणि फावल्या वेळचा पुस्तक-परीक्षक. ‘परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात’ या ओळीवर माझे कपाट भरलेले आहे. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहात छपाईच्या एकोणीस चुका काढून कवीला आयुष्यातून उठवण्याचे पातक माझ्या नावावर जमा आहे. आणि हाच मी निवृत्तीच्या पैशातून चौदा लाखांचे घर पाहायला गेलो, तेव्हा सपरीत उभा राहून काय म्हणालो? म्हणालो, “वारा छान येतो हो!”

योगायोग असा, की त्याच महिन्यात माझ्याकडे परीक्षणासाठी दोन घरे आली. एक अमेरिकेत, न्यू जर्सीला, भाच्याचे. दुसरे चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याला, आमचे. म्हणजे होऊ घातलेले. दोन्हींचा एकत्र परामर्श घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे. तौलनिक समीक्षेला आमच्या काळी वजन होते.

भाच्याने घर घेण्यापूर्वी ‘होम इन्स्पेक्टर’ नेमला. हा तिकडचा एक स्वतंत्र धंदा आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स ही या मंडळींची संस्था १९७६ साली निघाली आणि न्यू जर्सीत तर या कामाला सरकारी परवाना लागतो. माणूस येतो, तीन-चार तास घरात फिरतो, पोटमाळ्यावर चढतो, तळघरात उतरतो, प्रत्येक नळ सोडतो, प्रत्येक खटका दाबतो, शेकडो फोटो काढतो आणि त्याच रात्री एक ग्रंथ लिहून टाकतो. लेखनाचा हा वेग आमच्या एकाही कादंबरीकाराला साधलेला नाही. भाच्याने तो अठ्ठावन्न पानांचा ग्रंथ मला फोनवर पाठवला आणि खाली लिहिले, “मामा, तुम्ही परीक्षणं लिहिता ना? मग हे वाचून सांगा, घर घेऊ का?”

मी तो ग्रंथ साद्यंत वाचला. त्याची पहिली चार पाने त्या ग्रंथात काय नाही हे सांगण्यात खर्ची पडली आहेत. भिंतीच्या आत काय आहे ते पाहिलेले नाही. सामान हलवलेले नाही. डोळ्यांना दिसले तेवढेच लिहिले आहे. वाळवी पाहिलेली नाही; तिचा माणूस वेगळा. सेप्टिक टँक पाहिलेला नाही. त्याचा माणूस वेगळा. रेडॉन नावाचा एक रंग-वास नसलेला किरणोत्सर्गी वायू तिकडे जमिनीतून झिरपून तळघरात साठतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे सिगरेटखालोखाल तेच मोठे कारण आहे असे तिथले सरकार सांगते. हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त भरला तर तो बाहेर काढायची सोय करावी म्हणतात. तर त्या रेडॉनचाही माणूस वेगळा. प्रस्तावनेतच एवढे हात झटकणारा लेखक मी आजवर पाहिला नव्हता.

ग्रंथाला एक ध्रुवपद आहे : ‘याची अधिक तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी.’ मी मोजले, एकतीस वेळा आले आहे. मग हे गृहस्थ कोण, असा प्रश्न बत्तिसाव्या वेळी पडतो.

दुसरा दोष दृष्टीचा. अठ्ठावन्न पानांत घराविषयी एकही चांगला शब्द नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेपलचे झाड दिसते, हे मला फोटोवरून कळले; त्या फोटोखाली लिहिले होते, ‘खिडकीच्या कडेचे सील झिजले आहे.’ तिसरा दोष ग्रंथाबाहेरचा, पण तो समीक्षकांच्या जिव्हाळ्याचा म्हणून सांगतो. इन्स्पेक्टरची फी भाचा देणार. पण त्याचे नाव सुचवले घराच्या दलालाने. दलालाला कमिशन मिळते ते घर विकले गेले तर. मग फार खोलात जाणारा इन्स्पेक्टर दलालाच्या डायरीत टिकेल कसा? प्रकाशकाच्या घरी जेवून त्याच्याच पुस्तकावर लिहिणे म्हणजे काय असते, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. बासुंदी असेल तर शैलीदोष दिसत नाहीत.

आता गुण. छप्पर वीस वर्षांचे झाले असून उत्तरेकडून कुजले आहे, हे त्या ग्रंथाने फोटोसकट दाखवून दिले आणि त्याच्या जोरावर भाच्याने किमतीतून सात हजार डॉलर कमी करून घेतले. समीक्षेने पुस्तकाची किंमत सात हजारांनी उतरल्याचे उदाहरण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नाही. तेव्हा मी मनातल्या मनात टोपी काढली.

आणि हा ग्रंथ नको म्हणणारेही तिकडे पुष्कळ निघाले. २०२१-२२च्या सुमारास घरांवर अशा उड्या पडल्या, की ‘आम्ही तपासणी करणार नाही, आहे तसे घेतो’ असे आपण होऊन लिहून देत लोकांनी घरे पटकावली. विकणाऱ्यालाही असाच गिऱ्हाईक आवडू लागला. शेवटी २०२५ साली मॅसॅच्युसेट्स राज्याला नियम करावा लागला, की तपासणी सोडून देण्याची अट विकणाऱ्याने घालू नये. म्हणजे ज्या देशात समीक्षक आहे, त्या देशातही घाई झाली की पहिल्यांदा तोच गाडीतून खाली उतरवला जातो.

भाच्याला मी कळवले, “घे. पण वाळवीचा आणि रेडॉनचा माणूस बोलाव.”

तो म्हणाला, “तुमच्या पोंभुर्ण्याच्या घराचा रिपोर्ट पाठवा ना मामा.”

मी फोन ठेवला.

आमच्याकडे घर तपासतच नाहीत असे नाही. तपासायला अख्खे गोत जाते. एक मेहुणे भिंतीवर बुक्की मारून “मजबूत आहे” म्हणतात. बुक्कीने पडणारी भिंत अजून कुणी बांधलेली नाही, त्यामुळे हा निकाल कधी चुकत नाही. एक काका “शेजार कसा आहे?” एवढेच विचारतात, आणि तेही शेजाऱ्यालाच. सौ. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याच्या उंचीवर मत देते. आणि हल्ली वास्तुशास्त्राचा माणूस येतो. तो होकायंत्र काढून ईशान्येला काय आणि आग्नेयेला काय ते सांगतो. त्याची फी न कुरकुरता देतात. त्याच फीमध्ये एखादा सिव्हिल इंजिनिअर दुपारभर घर पाहून गेला असता; पण इंजिनिअरला कुणी बोलावत नाही. घराची पत्रिका पाहायची, प्रकृती पाहायची नाही, ही आपली लग्नातलीच रीत आपण घरालाही लावली.

आणखी एक असतो, बँकेचा व्हॅल्युअर. मी थोडे कर्ज काढणार होतो म्हणून तोही आला. त्याची फी मी भरली, पण तो माझा नव्हे. आपले कर्ज बुडाले तर हे घर विकून पैसे निघतील का, एवढेच बँकेला हवे असते. मी त्या घरात वीस वर्षे कोरडा राहीन की नाही, हा तिचा विषय नव्हे. व्हॅल्युअर अकरा मिनिटे होता. त्यातली चार मिनिटे त्याने टेप धरायला मला लावले. दारासमोर मला उभे करून एक फोटोही काढला. घर त्यात माझ्यामागे झाकले गेले होते.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले. नवा फ्लॅट असेल तर २०१६च्या रेरा कायद्याचा आधार आहे : ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. पण पोंभुर्ण्याच्या जुन्या घराला कुठला बिल्डर? बांधणारे आजोबा केव्हाच वर गेलेले. अशा घरासाठी मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आहे, १८८२चा. त्याचे कलम ५५ मी चष्मा पुसून वाचले. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि घेणाऱ्याने सामान्य काळजी घेऊनही सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे ते म्हणते. साहेब मोठा चतुर. सगळी गंमत त्या ‘सामान्य काळजी’त आहे. मी सामान्य आहे याबद्दल घरात दुमत नाही. पण सपरीत उभे राहून ‘वारा छान येतो’ म्हणणे ही काळजी धरायची का, हे कोर्टाने ठरवायचे!

आता मूळ कलाकृतीकडे वळतो.

पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे तालुक्याचे गाव. सौ.चे माहेर. भोवती धानाच्या बांध्या, त्यापलीकडे जंगल, पूर्वेला वैनगंगा; नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगर पंचायत आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे घराला दोन टोकांच्या परीक्षा एकाच वर्षात द्याव्या लागतात. जन्म चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीत काढल्यावर म्हातारपण जरा हिरवळीत काढावे, असे आमच्या मनात आले. माझ्या मनात ते सौ.ने आणले.

घर साठ-सत्तर वर्षांचे. समोर सपरी, मध्ये माजघर, मागे दोन खोल्या, त्यामागे सांदवाडी. तिच्यात एक सीताफळ, एक लिंबू, एक विहीर. भिंती जाड, मातीच्या. वर कवेलू. खांब सागाचे. इथल्या सागाचे कौतुक नव्याने सांगायला नको. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी लाकूड गेले ते याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले, बल्लारपुरातून वाजतगाजत. मालक पन्नाशीचे, नागपूरला नोकरीला. वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. घरात त्यांची आई एकटी. आईला नागपूरला न्यायचे आणि घर विकायचे, असा बेत. मालकांनी विक्रीसाठी म्हणून घर नटवले होते. भिंतींना पिस्ता रंग, आणि मागच्या खोलीत कमरेपर्यंत चकचकीत टाइल्स.

सर्वात आधी वकिलांनी कागद पाहिले. कागदांची समीक्षा हा आपल्याकडचा सर्वात प्रगत प्रकार, यात शंका नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मागची तीस वर्षे उकरायची, त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. तीसच का? तर गहाण सोडवून घ्यायला कायद्याने तीस वर्षांची मुदत दिली आहे. तेवढ्या मागून कुणीही उगवू शकतो. शेतजमीन असती तर सातबारा पाहावा लागला असता. सातबारा ही मला नेहमीच एक नाट्यकृती वाटत आली आहे. डावीकडे मालकाचे नाव ठसठशीत, नायकासारखे. आणि उजवीकडे ‘इतर हक्क’ नावाच्या रकान्यात खलनायक बसलेला. बोजा, कूळ, वाद, जे काय असते ते तिथे. शिवाय आमच्या भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर ती बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. महसूल संहितेचे कलम ३६-अ आहे ते. न वाचता घेणारे वर्षानुवर्षे तारखांना जातात.

घराला सातबारा नव्हता, कर आकारणीचा उतारा होता. मालकांनी तो मोठ्या विश्वासाने पुढे केला. वकील म्हणाले, “हा कर भरल्याचा पुरावा झाला. घर तुमचं असल्याचा नव्हे.”

“पण साठ वर्षं आम्हीच भरतोय!”

“भरणारे खूप असतात हो,” वकील म्हणाले. ते स्वतःही आयकर भरत असावेत.

मग वारसांची यादी निघाली. वडील मृत्युपत्र न करता गेलेले. म्हणजे १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगा आणि मुली या साऱ्यांचा वाटा सारखा. दोन बहिणी होत्या. एक मूलला दिलेली, एक नदीपलीकडे चामोर्शीला.

“बहिणींचं काही म्हणणं नाही,” मालक म्हणाले.

“म्हणणं नाही, हे कागदावर म्हणावं लागतं,” वकील म्हणाले.

एवढ्या वाक्यावर मी त्यांची सारी फी चुकती केली. अमेरिकेच्या अठ्ठावन्न पानांत या तोडीचे वाक्य नाही.

कागद झाले. मग भिंतींचे काय? सौ.च्या माहेरच्या ओळखीचा एक म्हातारा मिस्त्री होता. परवाना नाही, कॅमेरा नाही, होकायंत्र नाही. डोक्याला दुपट्टा, कानावर पेन्सिल, हातात थापी. त्याला म्हटले, “घर पाहायला चला.” तो म्हणाला, “पान्यात बोलवाचं होतं जी. घर पाहाचं तं जुलैत पाहाचं. आता मार्चात सारेच घरं चांगले दिसतेत.”

समीक्षेचे इतके मूलभूत तत्त्व मी कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. तेव्हापासून मी घर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला सांगतो : घर जुलैत पाहा आणि विहीर मे महिन्यात. आपण नेमके उलट करतो. दिवाळीच्या सुमारास जातो. तेव्हा घरही कोरडे असते आणि विहीरही भरलेली.

मिस्त्री घरात शिरला तो भिंतींकडे न पाहता वर पाहत. कवेलूंच्या फटीतून कुठे कुठे ऊन येते ते त्याने जमिनीवरच्या कवडशांवरून मोजले. “माकडं येतेत. दर साली फेरावं लागंन.” मग तो भिंतींकडे वळला. बाहेरून सिमेंटचे प्लॅस्टर होते. ते पाहून मी खूश होतो, तो नव्हता. मातीची भिंत ओल घेते आणि ओल सोडते, असे त्याने मला समजावले. मातीचा नाहीतर चुन्याचा गिलावा असेल तर ती सुटते. वरून सिमेंट फासले की आत गेलेले पाणी आतच बसते आणि भिंत आतून सुटत जाते. मग तो मागच्या खोलीतल्या टाइल्ससमोर उकिडवा बसला आणि थापीच्या मुठीने एकेक ठोकत गेला. टक्. टक्. टक्. ठप्. तो थांबला. पुन्हा ठोकली. ठप्.

“पोकर हाय जी,” तो म्हणाला.

झाडीबोलीत ‘ळ’ला थारा नाही, त्याचा ‘र’ होतो, हे मला ठाऊक होते. तरी त्या ‘पोकर’मध्ये जो पोकळपणा ऐकू आला, तो प्रमाण मराठीत नाही. निजायच्या खोलीत कमरेएवढ्या टाइल्स कशाला, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. मला ती हौस वाटली होती. भिंतीमागे मोरी होती आणि भिंत पाणी पीत होती. ती ओल टाइल्सखाली झाकलेली होती. मालक छताकडे पाहू लागले.

वायरमनला बोलावले. त्याने तीन पिनांच्या सॉकेटात टेस्टर घालून सांगितले, की तिसरे भोक शोभेचे आहे; घराला अर्थिंगच नाही. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. रंग नाही, वास नाही, दात पिवळे पडू लागले की कळते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. भाच्याच्या तळघरात रेडॉन, माझ्या विहिरीत फ्लोराइड. न दिसणारा शत्रू जमिनीखाली दोघांच्याही होता. आमचा नमुना सुदैवाने मर्यादेत निघाला. चहा आणण्यापूर्वी सौ.ने तीनदा विचारले, “नक्की ना?”

हे सारे चालू असताना मालकांची आई माजघराच्या उंबऱ्याजवळ बसून होती. वय ऐंशीच्या पुढचे. मधूनमधून काही बोलायला तोंड उघडायची, तेवढ्यात मुलगा “आई, चहा ठेव” म्हणायचा. त्या दुपारी आम्ही चार वेळा चहा प्यालो. पाचव्यांदा त्याने म्हटले तेव्हा म्हातारी जागची हलली नाही.

“गुरुजी,” ती मला म्हणाली, “वरचं आढं पाह्यलं का तुमच्या मिस्त्रीनं?”

“आई!”

“तू चूप रे.” आणि मला : “खांब सागाचे हायेत. आढं सागाचं नाही. ह्याच्या बाबाजवळ तेव्हा पैसे नव्हते, कोन्तं तरी पांढरं लाकूड टाकलं. दोन सालापासून भुसा पडते खाली. उदई लागली त्याले. वर काही सामान नका ठेवजा. नातवंडं येतीन तुमची, त्याच्याखाली पाळणा नका बांधजा.”

मिस्त्री शिडी लावून वर गेला. सागाचा पक्का गाभा उदई सहसा खात नाही, पण असले लाकूड तिला मेजवानी. त्याने पेचकस टेकवला, तो चार बोटे आत गेला. खाली उतरून तो काही बोलला नाही. दुपट्टा काढून तोंड पुसले. वरून रंग दिलेला होता, म्हणून त्याच्याही नजरेतून सुटले होते. त्या आढ्याखाली आम्ही आमचा पलंग टाकणार होतो. सौ.ने जागाही नक्की केली होती.

कलम ५५ चौऱ्यांऐंशी शब्दांत जे सांगायला पाहते, ते त्या बाईने पाळण्याचे नाव घेऊन सांगितले होते. शब्द मी मोजलेले नाहीत. पण समीक्षकाला एवढी अतिशयोक्ती माफ असावी.

आता खरी पंचाईत सुरू झाली. मिस्त्रीचा हिशेब आला : आढे बदलून पुन्हा कवेलू घालायचे पंचावन्न हजार. टाइल्स काढून भिंत सुकवून मातीचा गिलावा आणि मोरीचे पाणी वळवायचे पंचवीस हजार. अर्थिंग वगैरे किरकोळ. भाच्याला फोन केला. तो उत्साहाने म्हणाला, “मामा, यालाच तर इन्स्पेक्शन म्हणतात! सगळे पैसे किमतीतून कापा.”

हिशेबाने त्याचे बरोबर होते. परीक्षणाचा तिकडे उपयोगच तो. पण रात्रभर मला झोप आली नाही. आढ्याचे पंचावन्न हजार कापायचे म्हणजे कुणाचे कापायचे? जिने सांगितले तिचे. ती गप्प बसली असती तर मुलाला पूर्ण चौदा लाख मिळाले असते, आणि आढे आमच्या अंगावर केव्हा यायचे तेव्हा आले असते. खरे बोलल्याबद्दल दंड, असा याचा अर्थ होत होता. घरी मुलाने तिला काय ऐकवले असेल, हेही दिसत होते. आणि न कापावे तर पंचावन्न हजार ही माझ्यासारख्या पेन्शनरला छातीवर हात ठेवून सोडायची रक्कम नव्हे. समीक्षक म्हणून मी आयुष्यभर प्रामाणिक लेखकांचेच दोष काढले, कारण ते झाकत नाहीत, चटकन सापडतात. लबाडांनी चकचकीत वेष्टनाखाली काय खपवले ते मला दिसलेच नाही. हे त्या रात्री, साठी उलटल्यावर ध्यानात आले.

तोडगा सौ.ने काढला. घर तिच्या नावावर होणार होते. बाईच्या नावावर राहते घर घेतले तर आपल्या राज्यात २०२१पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ती सवलत घेण्याचे मी सुचवले तेव्हा ती काही बोलली नव्हती. पण मालकीण झाल्याचा अर्थ तिने पुरता लावून घेतला होता. सकाळी ती मालकांना म्हणाली, “दादा, जे सांगितलं त्याचे पैसे आम्ही कापणार नाही. जे झाकलं त्याचे कापू.”

मालक क्षणभर गोंधळले. मग त्यांनी टाइल्सकडे पाहिले, आईकडे पाहिले. “पंचवीस कापा,” ते म्हणाले. आणि जरा वेळाने, मान खाली घालून, “आढ्याचे अर्धे मी देतो. झाकलं ते मीच. रंग मीच मारायला लावला होता त्याला.”

दोन्ही बहिणी येऊन सह्या करून गेल्या. चामोर्शीची बहीण सही करताना रडली. सर्च रिपोर्टात त्यासाठी रकाना नसतो.

तौलनिक समीक्षेच्या शेवटी निष्कर्ष द्यावा लागतो, तो असा. आपल्याकडेही घर तपासणारा माणूस हवा. दलालाच्या नव्हे, आपल्या ओळखीने आणलेला आणि आपल्याच पैशाने. इंजिनिअर मिळाला तर उत्तम, न मिळाला तर जुना मिस्त्री, पण त्यालाच दुरुस्तीचे काम देऊ, असे आधी बोलायचे नाही. नाहीतर त्याला दोष फार दिसतात. वायरमन आणि पाण्याची चाचणी वेगळी. नवा रंग आणि अवेळी टाइल्स दिसल्या की मुठीने ठोकून पाहायचे. वास्तुशास्त्राला हवे तर बोलवा, पण त्याच्या हाती शिडी द्या. आणि घरात कुणी म्हातारे माणूस बसलेले असेल तर त्याला चहा करायला लावू नका. त्याच्याजवळ बसा.

आम्ही एप्रिलमध्ये राहायला आलो. आढे बदलले, सागाचे टाकले. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला. वैनगंगा फुगल्याच्या बातम्या येत होत्या. मी कंदील, घमेले, पोतेरे घेऊन मागच्या खोलीत पहारा देत बसलो. मिस्त्रीचे काम चोख निघाले. रात्रभरात एक थेंब आला नाही.

सकाळी नागपूरहून फोन आला. म्हातारी होती. नातवाकडून लावून घेतला होता.

“गुरुजी, पानी खूप झालं म्हन्तेत तिकडं. मागच्या खोलीत आलं का? मी तं कोपऱ्यात घमेलं ठेवत होती. पन्नास साल ठेवलं जी.”

मी कोरड्या कोपऱ्याकडे पाहिले. घमेले तिथेच होते, रिकामे. “आलं थोडंसं,” मी म्हणालो. “घमेलं ठेवलंय.”

“हां,” ती म्हणाली. तिला बरे वाटल्याचे ऐकू आले. “सकाळी फेकून द्याचं, सांदवाडीत. लिंबाले.”

फोन ठेवून मी कलम ५५ पुन्हा एकदा वाचून काढले. घेणाऱ्याने विकणाऱ्याला असले काही सांगू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.